रात्री साडेअकराच्या गप्पा : कार्सन, कॅव्हेट, लेटरमन आणि लक्षात राहिलेल्या मुलाखती

निशाचर

हॉलिवूडची नटी कॅथरीन हेपबर्नने १९७३ साली डिक कॅव्हेटला त्याच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात दिलेली मुलाखत इथे कुणी पाहिली आहे का? तोवर ही बाई टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांना दाद देत नव्हती. एबीसी वाहिनीच्या स्टुडिओत ती आली तीही नुसती जागा बघायला. आल्या आल्या तिने गालिच्याला नावं ठेवली, सामान कुठे काय असावं ते सांगायला सुरुवात केली, आणि मग आलेच आहे तर आत्ताच करून टाकू म्हणून बसली. समोर प्रेक्षक नव्हते. कॅमेरे मात्र चालू होते, त्यामुळे तिची ही सगळी तपासणीसुद्धा आपल्याला बघायला मिळते. मग टेबलावर पाय टाकून ती जी बोलायला लागली, ते दोन रात्रींत दोन भाग करून दाखवावं लागलं.

मी अमेरिकेत राहिलेलो नाही. हे सगळं यूट्यूबवर बघतो, कॅव्हेटचे आणि 'टुनाइट शो'वाल्या जॉनी कार्सनचे जुने भाग तिथे रीतसर टाकलेले आहेत. पण बघता बघता एक गोष्ट फार जाणवायला लागली. हे लोक थांबायचे. पाहुणा विचार करतोय, दोन-तीन सेकंद कुणीच बोलत नाही, आणि कॅव्हेट ती शांतता भरून काढायला धावत नाही. कॅव्हेट पूर्वी जॅक पारकडे, म्हणजे कार्सनच्या आधीच्या 'टुनाइट शो'च्या यजमानाकडे, लेखक होता. त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला तेव्हा पारने त्याला सांगितलं होतं की मुलाखती घेऊ नकोस, गप्पा मार. मुलाखत म्हटली की हातात यादी येते, आणि यादी आली की माणूस पुढच्या प्रश्नाकडे बघतो, समोरच्याकडे नाही.

शिवाय वेळ होता. कॅव्हेटचा कार्यक्रम दीड तासाचा. कार्सनचा 'टुनाइट शो'सुद्धा १९८० पर्यंत दीड तासाचाच होता, नंतर तो एक तासावर आणला. आज एखाद्या नटाला सहा-सात मिनिटं मिळतात. त्यातली दोन टाळ्यांत जातात आणि एक सिनेमाच्या तुकड्यात. त्यात कोण काय बोलणार?

तुमच्या मनात घर करून राहिलेल्या मुलाखती सांगा. नुसती नावं नकोत, नेमकं काय घडलं ते लिहा.

अपर्णा_एडिसन

निशाचर, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी लग्न होऊन न्यू जर्सीला आले तेव्हा जॉनी कार्सन हा घरातलाच माणूस असल्यासारखा होता. साडेअकराला त्याचा निवेदक एड मॅकमॅहनची ती लांबवलेली हाक, मग पडद्यातून कार्सन. आधी विनोद, मग टेबल, मग सोफा. नवा पाहुणा आला की आधीचा सोफ्यावर एक जागा सरकायचा, पण उठून जायचा नाही. मला हे फार आवडायचं. त्यामुळे एखादा म्हातारा नट, एखादी गायिका आणि प्राणिसंग्रहालयातून आलेला माणूस असे तिघं एकमेकांचं बोलणं ऐकत बसलेले दिसायचे.

नट जिमी स्टुअर्टचं सांगते. १९८१ मध्ये त्याने खिशातून कागद काढून स्वतः लिहिलेली कविता वाचली. 'बो' नावाचा त्याचा कुत्रा वारला होता, त्याच्यावरची. सुरुवातीला सगळे हसत होते, कारण कुत्रा कसा कुणाचं ऐकायचा नाही, कसा चावायचा, असंच सगळं त्यात होतं. स्टुअर्टचं बोलणं मुळातच अडखळत, ओढत चाललेलं. आणि मग कविता वळते. रात्री बिछान्यात अजून तो जवळ आहे असं वाटून हात पुढे जातो, तिथे त्याचा आवाज कापायला लागतो. कार्सन डोळे पुसत होता. त्याने मध्ये एक शब्दही टाकला नाही. इतका मोठा विनोदी माणूस, एखादी कोटी करून वातावरण हलकं करणं त्याच्या हातचा मळ होता. त्याने ते केलं नाही, हे मला अजून मोठं वाटतं.

वाटसरू

अपर्णाताई, जिमी स्टुअर्ट +१. तो तुकडा मी कितीतरी जणांना पाठवला आहे.

माझ्याकडून उरी गेलर, १९७३. गेलर तेव्हा मनाच्या ताकदीने चमचे वाकवतो म्हणून गाजत होता. कार्सन तरुणपणी स्वतः जादूचे प्रयोग करायचा, त्यामुळे हातचलाखी त्याला नेमकी कळत होती. कार्यक्रमाआधी जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेण्यात आला : वस्तू आपल्या आपण आणायच्या, आणि गेलर किंवा त्याच्या माणसांना त्यांना आधी हात लावू द्यायचा नाही. झालं. कार्यक्रमात गेलर वीसेक मिनिटं बसून राहिला आणि काहीही वाकलं नाही. आज आपल्यात ताकद वाटत नाही, असं सांगत राहिला.

कार्सन त्याच्यावर ओरडत नाही, त्याला खोटारडा म्हणत नाही. अगदी सभ्यपणे, हवा तेवढा वेळ घ्या म्हणतो. आणि तो वेळच गेलरला उघडा पाडतो. निशाचर, तुमच्या 'थांबायचे' या मुद्द्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक मात्र आहे. गेलरचं त्याने काहीच बिघडलं नाही. तो पुढेही वर्षानुवर्षं कार्यक्रम करत राहिला.

सई

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, आणि मनापासून म्हणायचं आहे. आपण निवडक तुकडे बघून तो सगळा काळच सोन्याचा ठरवतो आहोत. विक्री तेव्हाही होती. नट तेव्हाही नवा सिनेमा आला की यायचे. आणि ज्याला आपण सहज आठवलेला किस्सा समजतो, तो बहुतेक वेळा आधी ठरलेला असायचा. कार्यक्रमातला एक माणूस पाहुण्याशी फोनवर आधीच बोलून घ्यायचा, कुठला किस्सा रंगेल ते काढायचा, आणि तो टिपून यजमानापुढे ठेवायचा. मग यजमान म्हणणार, अलीकडे तुम्ही मासेमारीला गेला होतात म्हणे! ही पद्धत आजची नाही.

दुसरं म्हणजे बायका. जुने भाग सलग बघा. नटीला तिच्या कपड्यांवरून, वयावरून, नवऱ्यावरून किती विचारलं जायचं ते मोजा. हेपबर्नसारखी बाई भारी पडायची कारण ती हेपबर्न होती.

आणि आपल्या माणसांकडे हे यजमान कसे बघायचे? २००५ मध्ये ऐश्वर्या राय डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात गेली होती. त्याने विचारलं, तू आईवडिलांबरोबर राहतेस हे खरं का, भारतात मोठी मुलंही अशी राहतात का. प्रेक्षक हसायच्या तयारीत. तिने शांतपणे सांगितलं की आमच्याकडे आईवडिलांबरोबर जेवायला आधी वेळ ठरवून घ्यावी लागत नाही. टाळ्या पडल्या. उत्तर फक्कडच होतं. पण ते द्यावं लागलं, कारण प्रश्न तसा होता.

निशाचर

सई, किस्से आधी ठरलेले असायचे हे मान्य. पण म्हणूनच मला कॅव्हेट वेगळा वाटतो. डिसेंबर १९७१ चा तो भाग बघा : नॉर्मन मेलर, गोर विडाल आणि जॅनेट फ्लॅनर. मेलरने आधी आतमध्ये विडालला डोक्याने धडक दिलेली. मग रंगमंचावर तो सगळ्यांवरच तुटून पडला. कॅव्हेटला म्हणाला, तू आपला कागद बघून पुढचा प्रश्न विचार. कॅव्हेटने तिथल्या तिथे त्याला सुनावलं की त्या कागदाला पाच घड्या घाल आणि जिथे चांदणं पोचत नाही तिथे ठेव. हे कुणी फोनवर आधी ठरवलेलं नव्हतं. आणि तीन लेखक एकमेकांच्या लिखाणावरून भांडताहेत हे अमेरिकेतले लोक मध्यरात्री जागून बघत होते, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

बायकांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. बेटी डेव्हिसचा १९७१ चा भाग पाहिलात तर तिलाही तिच्या नवऱ्यांवरून विचारलं आहे. ती निभावून नेते, पण सगळ्यांना ते जमलं नसणार.

ऐश्वर्याच्या बाबतीत मी लेटरमनला थोडी सूट देईन. तो अमेरिकी पाहुण्यांनाही असाच खोचून विचारायचा. गायिका शेर १९८६ मध्ये त्याच्या कार्यक्रमात आली ती त्याला तोंडावर शिवी देऊन गेली, आणि ते दोघांनीही पचवलं.

चुंबकफीत

सईंचा निवडक तुकड्यांचा मुद्दा मी आणखी पुढे नेतो, कारण माझं आयुष्य फितींच्या संगतीत गेलं आहे.

कार्सनने 'टुनाइट शो' १ ऑक्टोबर १९६२ ला हातात घेतला. पहिली दहा वर्षं तो न्यू यॉर्कमधून व्हायचा, १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात बरबँकला गेला. या पहिल्या दहा वर्षांतलं बहुतेक सगळं गेलं आहे. एनबीसी वाहिनीने त्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. तेव्हा व्हिडिओ फीत महाग होती, ठेवायला जागा लागायची, आणि रात्रीच्या गप्पा उद्या कोण बघणार आहे, असा सगळ्यांचाच समज होता. पहिल्या रात्री विनोदी नट ग्राउचो मार्क्सने कार्सनची ओळख करून दिली होती, त्याचं चित्रणसुद्धा आज बघायला मिळत नाही. १९६५ चा गायक-नट एड एम्सने कुऱ्हाड फेकल्याचा तुकडा राहिला, कारण तो वर्धापनदिनाच्या खास कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा दाखवला जायचा. म्हणजे लोक हसले म्हणून तो वाचला. जिथे हसू आलं नाही पण बोलणं चांगलं झालं, असं किती काही पुसलं गेलं असेल.

नंतरच्या फिती कार्सनने नीट सांभाळल्या. कॅन्सस राज्यात हचिन्सनला जमिनीखाली मिठाची खाण आहे, तिथे त्या ठेवल्या होत्या. हवा कोरडी, तापमान स्थिर, फितीला याहून चांगलं घर नाही. तुम्ही आज यूट्यूबवर जे बघता ते त्या खाणीच्या कृपेने.

आता आठवणींबद्दल. जून १९७१ मध्ये कॅव्हेटच्या कार्यक्रमाचं चित्रण चालू असताना जेरोम रोडेल हा आरोग्यदायी आहाराचा प्रचारक रंगमंचावर खुर्चीतच वारला. तो भाग कधीच दाखवला गेला नाही. पण कॅव्हेटने लिहून ठेवलं आहे की कितीतरी लोक त्याला भेटून सांगतात, आम्ही तो त्या रात्री टीव्हीवर पाहिला. पाहिलेला असणं शक्यच नाही. वर्तमानपत्रात वाचलेलं, कॅव्हेटने नंतर सांगितलेलं, हे सगळं मिळून त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र तयार झालं आहे आणि ते त्यांना अगदी खरं वाटतं. या काळाबद्दल बोलताना मी हे सतत मनाशी ठेवतो.

नागपूरकर

चुंबकफीत, जबरदस्त माहिती. मिठाच्या खाणीचं माहीत नव्हतं.

आपल्याशी थेट नातं असलेली मुलाखत अजून कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. २३ नोव्हेंबर १९७१, कॅव्हेटकडे बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन. हॅरिसन मितभाषी, सुरुवातीला तर कॅव्हेटला अक्षरशः एकेक वाक्य ओढून काढावं लागतं. याच खुर्चीत जॉन लेननची बायको योको बसली होती असं कॅव्हेटने सांगितल्यावर तो टुणकन उठला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. पुढे रविशंकरही येऊन बसले.

ती वेळ लक्षात घ्या. १ ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल झाली होती. ती मुळात रविशंकरांच्या तळमळीतून उभी राहिलेली. पूर्व बंगालमधून भारतात लाखो माणसं येत होती, आणि भारत-पाकिस्तान युद्धाला दोन आठवडेही उरले नव्हते. मैफलीची ध्वनिमुद्रिका मात्र कंपन्यांच्या घोळात अडकली होती. हॅरिसनने तिथेच, सगळ्या अमेरिकेसमोर, कॅपिटॉल कंपनीवर राग काढला. कंपनीच्या प्रमुखाचं नाव घेऊन सांगितलं की मी मुद्रिका काढणारच, खुशाल दावा लाव, भास्कर. हा भास्कर म्हणजे भास्कर मेनन, केरळचा माणूस! एका भारतीयाच्या हाकेवर मैफल होते, दुसरा भारतीय कंपनीचा प्रमुख असतो, आणि त्या दोघांमधला हिशेब लिव्हरपूलचा मुलगा न्यू यॉर्कच्या टीव्हीवर मांडतो.

आजचा कुठला कलाकार स्वतःच्याच ध्वनिमुद्रिका कंपनीबद्दल असं बोलेल? त्याच्या शेजारी जनसंपर्कवाले उभे असतात. सई म्हणतात तशी विक्री तेव्हाही होती, हॅरिसन आणि रविशंकर त्या दिवशी 'रागा' या माहितीपटासाठीच आले होते. पण विक्रीला आलेला माणूस विषय सोडून बोलला तर त्याला कुणी अडवत नव्हतं.

अपर्णा_एडिसन

नागपूरकर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ज्येष्ठांना नक्की पाठवते.

चुंबकफीत यांचं आठवणींबद्दलचं म्हणणं पटतं, म्हणून पुढचं मी परत एकदा बघून मगच लिहिते आहे. १९९१ च्या जून महिन्यात कार्सनचा मधला मुलगा रिक मोटार अपघातात गेला. तो छायाचित्रकार होता. कार्सन काही आठवड्यांनी कामावर परतला आणि एका भागाच्या शेवटी त्याने रिकने काढलेली निसर्गाची छायाचित्रं दाखवली. तीस वर्षांत स्वतःच्या घराबद्दल त्याने जवळपास काही सांगितलं नव्हतं, घटस्फोटांवरचे विनोद सोडून. त्या दिवशी तो मुलगा हसरा कसा होता ते सांगत राहिला. त्याला पाहुणा म्हणून प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, तोच यजमान. आणि तरीही माझ्या दृष्टीने ही त्या कार्यक्रमातली सगळ्यात खरी मुलाखत.

त्यानंतर वर्षाच्या आत, मे १९९२ मध्ये त्याने कार्यक्रम सोडला. शेवटून दुसऱ्या रात्री विनोदी नट रॉबिन विल्यम्स आणि गायिका बेट मिडलर आले होते. मिडलरने त्याच्यासाठी निरोपाचं गाणं म्हटलं. शेवटच्या रात्री पाहुणेच नव्हते.

वाटसरू

मृत्यूचा विषय निघालाच आहे तर वॉरन झिव्हनबद्दल लिहायलाच हवं. ३० ऑक्टोबर २००२, लेटरमन. झिव्हन हा गीतकार-गायक, लेटरमनच्या आवडीचा, पूर्वीही अनेकदा येऊन गेलेला. त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला होता आणि डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. लेटरमनने अख्खा तास त्याला दिला, दुसरा पाहुणा नाही. इतक्या वर्षांत असं क्वचितच झालं असेल.

तो म्हणाला, वीस वर्षं डॉक्टरकडे गेलो नाही, ती चूक झाली. लेटरमनने विचारलं की आता जगण्यामरण्याबद्दल तुला आमच्यापेक्षा जास्त काही कळलंय का. त्याचं उत्तर असं, की प्रत्येक सँडविच किती चवीने खायला हवं तेवढं कळलं. हे तो अगदी साधेपणाने बोलतो. लेटरमनसारखा टिंगलखोर माणूस त्या तासात बदललेला दिसतो. डोळ्यांत बघवत नाही, पण प्रश्न टाळत नाही. आजाराबद्दल सरळ विचारतो. झिव्हनने तीन गाणी म्हटली. नंतर आत खोलीत त्याने आपली गिटार पेटीत ठेवून लेटरमनच्या हाती दिली आणि सांभाळ म्हणाला, असं लेटरमननेच पुढे सांगितलं आहे. सप्टेंबर २००३ मध्ये झिव्हन गेला.

निशाचर, म्हणजे तुमच्या लाडक्या सत्तरच्या दशकानंतरही असं घडत होतं. वेळ दिला की घडतं.

सई

झिव्हनचा भाग काल रात्री पहिल्यांदा पाहिला. वाटसरू, मनापासून आभार.

माझ्या आधीच्या प्रतिसादात राहून गेलेलं एक नाव लिहिते : विनोदी कलाकार जोन रिव्हर्स. १९६५ मध्ये कार्सनकडे पहिल्यांदा आली, त्याने तिथल्या तिथे तिचं कौतुक केलं आणि तिचं आयुष्य बदललं. १९८३ पासून तो रजेवर असला की तीच कार्यक्रम चालवायची. १९८६ मध्ये फॉक्स वाहिनीने तिला स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम दिला. कार्सनला ती बातमी तिच्याकडून न कळता आधी दुसऱ्यांकडून कळली, आणि तो पुन्हा तिच्याशी कधी बोललाच नाही. 'टुनाइट शो'चं दार तिच्यासाठी बंद झालं ते जिमी फॅलन यजमान म्हणून आल्यावर २०१४ मध्ये उघडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. स्वतःचं दुकान थाटायला त्याच्या पाहुण्यांपैकी पुरुषही गेले होते, त्यांच्याशी त्याने इतकं तोडलं नाही, असं ती स्वतः म्हणत असे. मला ते पटतं. स्टुअर्टच्या कवितेने डोळे भरून आलेला कार्सन आणि हा कार्सन एकच आहे, आणि दोन्ही लिहिलं गेलं पाहिजे.

निशाचर

सई, लिहिलंत ते योग्यच. मी रिव्हर्सचे कार्सनबरोबरचे जुने भाग बघायला घेतो. ती प्रश्नांना उत्तरं देतच नाही, कार्सनला मध्ये न बोलू देता हसवत ठेवते आणि त्याला ते आवडत असतं, इतकं मला एका भागावरूनच दिसलं.

एक विनंती सगळ्यांना. मार्लन ब्रँडोचा कॅव्हेटकडचा भाग, जून १९७३, कुणी पाहिला असेल तर लिहा. त्याआधी मार्चमध्ये त्याने ऑस्कर नाकारलं होतं. कॅव्हेट त्याला पुन्हा पुन्हा सिनेमाकडे वळवायला बघतो आणि तो पुन्हा पुन्हा अमेरिकेतल्या आदिवासींच्या हक्कांवर येतो, त्यांच्या प्रतिनिधींनाही बरोबर घेऊन आलेला असतो. कॅव्हेट इथे चांगला यजमान ठरला की कमी पडला, हे माझं ठरत नाहीये. मला ब्रँडो बरोबर वाटतो.

नागपूरकर

पाहिला आहे. कॅव्हेट कमी पडला नाही असं माझं मत. तो कंटाळलेला दिसतो, अवघडतो, एकदोनदा चिमटाही काढतो, पण ब्रँडोचं म्हणणं कापत नाही, आणि त्या प्रतिनिधींना बोलायला जागा देतो. त्यांचं बोलणं ऐका, ब्रँडोपेक्षा ते जास्त मुद्द्याचं आहे. त्याच रात्री कार्यक्रम संपल्यावर चायनाटाउनमध्ये ब्रँडोने पाठलाग करणाऱ्या रॉन गॅलेला या छायाचित्रकाराचा जबडा मोडला. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं आणि प्रतिनिधी काय म्हणाले ते मागे पडलं, म्हणून पूर्ण भागच बघा, तुकडे नकोत.